गिऱ्हाइकांनी ठेवलेलं नाव

पत्र, थोडक्यात: काका, मी सोलापूरची. चार वर्षं घरी शेंगा चटणी करून विकते. सासूबाई, मी आणि मदतीला दोघीजणी. दिवसाला सहा-सात किलो होते. आजवर साध्या पिशवीतून दिली, वर नाव नव्हतं. आता पुण्यातले दोन दुकानदार माल ठेवायला तयार आहेत, पण नाव आणि लेबल हवं म्हणतात. घरात रोज वाद चाललाय. मिस्टर म्हणतात, 'श्री सिद्धेश्वर गृहउद्योग' ठेवू, नाहीतर महाराजांचं नाव देऊ. मुलगा इंजिनिअरिंगला आहे, त्याला 'ग्राउंडेड' हवंय. नणंदबाईंनी अंकशास्त्र पाहून इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन 'ए' जास्तीचे घातलेलं नाव पाठवलंय. पाउचवाला व्यापारी म्हणतो, एका गाजलेल्या ब्रँडच्या नावात एक अक्षर बदला, माल आपोआप खपेल. मला स्वतःला 'सोलापुरी शेंगा चटणी केंद्र' बरं वाटतं. गिऱ्हाइकं मला फोनवर 'उखळवाल्या काकू' म्हणतात, कारण चटणी अजून सासूबाईंच्या दगडी उखळातच कुटतो. या महिन्यात पाच हजार छापील पाउचची ऑर्डर द्यायची आहे. काय करू?

ताई,

आधी त्या पाच हजार पाउचची ऑर्डर थांबवा. बाकीचं सावकाश सांगतो.

मी बत्तीस वर्षं छापखाना चालवला. लग्नपत्रिका, बिलबुकं आणि लोणची-पापड-मसाल्यांची लेबलं छापली. लेबल करायला येणाऱ्या बायकांच्या हातात एक चिटोरा असायचा, त्यावर चार-पाच नावं लिहिलेली. "दादा, यातलं कुठलं चांगलं दिसेल?" असं त्या विचारायच्या. दिसायला काय चांगलं ते मी सांगायचो. नाव तोंडात कसं बसतं हे विचारायला हवं होतं, ते मला फार उशिरा कळलं. तोवर काही बायाबापड्यांचे कष्टाचे पैसे वाया गेलेले मी पाहिले होते. तुमचे जाऊ नयेत एवढ्यासाठी हे लांबलचक उत्तर.

तुमची चटणी पुण्याला गेल्यावर काय होईल ते बघा. कोथरूडमधल्या एका घरी चारजण जेवायला बसलेत. पानात भाकरी, दही, वर तुमची चटणी. पाहुणी विचारते, "ही कुठली गं?" त्या वेळी तुम्ही तिथे नाही. चटणी बरणीत ओतून पाउच केव्हाच कचऱ्यात गेलाय. यजमानीण उत्तरादाखल जे दोन शब्द बोलेल, तेच तुमचं नाव. ते तिला आठवलं पाहिजे, बोलताना जीभ अडखळता कामा नये, आणि पाहुणीला घरी जाऊन फोनवर ते शोधता आलं पाहिजे. बाकी शुभ-अशुभ, जुनं-नवं सगळं यानंतर.

मराठीत याची एक सोपी परीक्षा आहे. नावाला 'ची' लावून बघा. आपण 'चितळ्यांची बाकरवडी' म्हणतो, 'बेडेकरांचं लोणचं' म्हणतो. दुकानाच्या पाटीवर पूर्ण नाव काहीही असो, बोलताना माणूस नावाला प्रत्यय लावतो आणि वाक्यात बसवतो. जे नाव असं बसतं ते टिकतं. आता तुमच्या घरातली नावं घ्या. 'श्री सिद्धेश्वर गृहउद्योगाची चटणी' असं कोणी बोलेल का? लोक 'गृहउद्योगाची' एवढंच म्हणतील, आणि गृहउद्योग तर गल्लोगल्ली आहेत. 'ग्राउंडेडची चटणी' म्हणून बघा. 'सोलापुरी शेंगा चटणी केंद्राची चटणी' म्हणताना तर चटणी दोनदा येते. आणि आता 'उखळवाल्या काकूंची चटणी' हे मोठ्यांदा म्हणा. माझा कौल कुठे जाणार ते तुम्हाला कळलंच असेल. पण घरात सगळ्यांना पटवायचंय, म्हणून प्रत्येक नावाबद्दल बोलतो.

तुमच्या आवडीच्या नावापासून सुरुवात करतो, कारण ही चूक मी सगळ्यात जास्त पाहिली आहे. काय विकतो ते कळावं म्हणून वस्तूचंच नाव धंद्याला द्यायचं. पण 'सोलापुरी' हा शब्द सगळ्या सोलापूरचा आहे, 'शेंगा चटणी' ती करणाऱ्या प्रत्येकाची. १९९९ च्या ट्रेड मार्क्स कायद्याचं कलम ९ हेच सांगतं. मालाचा प्रकार, गुण किंवा गाव एवढंच सांगणारं नाव सहसा एकट्याच्या नावावर नोंदवून मिळत नाही. उद्या शेजारच्या पेठेतल्या कोणी तेच शब्द पाटीवर लिहिले तर तुम्ही काही करू शकणार नाही, आणि त्यांनी खवट दाण्यांची चटणी विकली तर बोल तुम्हालाही लागेल. शिवाय उद्या तुम्ही कडक भाकरी किंवा काळा मसाला करायला घेतलात, तर चटणीचं नाव अडचणीचं होईल. हे शब्द लेबलवर हवेतच, पण नावाखाली, दुसऱ्या ओळीत. वर नाव, खाली 'सोलापुरी शेंगा चटणी'. 'अस्सल', 'घरगुती', 'चवदार' या शब्दांचंही तसंच. तळाला कुठे लिहायचे तर लिहा, पण त्यांच्यावर नाव उभं राहत नाही.

लिज्जतचं उदाहरण तुमच्या कामाच्या जवळचं आहे. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. 'लिज्जत' हे नाव १९६२ मध्ये आलं. लिज्जत म्हणजे चव, गोडी. त्या शब्दात पापड नाही आणि मुंबईही नाही. म्हणून त्याच नावाखाली पुढे मसालेही विकता आले.

आता तुमच्या मिस्टरांचं म्हणणं. सिद्धरामेश्वर हे सोलापूरचं ग्रामदैवत. त्यांच्या नावानं सुरुवात करावी असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे, आणि ती भावना घरात मोडू नका. पण सिद्धेश्वरांच्या नावाची रेल्वेगाडी आहे, साखर कारखाना आहे, आणि दुकानं किती असतील ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. पुण्याच्या माणसानं फोनवर ते नाव टाकलं तर तुमच्यापर्यंत पोचायला त्याला वेळ लागेल. कायद्याचीही एक बाजू आहे. 'रामायण' हे नाव अगरबत्तीसाठी एकट्याला नोंदवून देता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये सांगितलं. धर्मग्रंथाच्या नावावर एकाचा हक्क कसा चालेल, असा त्याचा आशय. दैवतांच्या नावांनाही कमीअधिक हीच अडचण येते. पहिला घाणा उखळात घालाल त्या दिवशी सिद्धेश्वराला नैवेद्य दाखवा, उखळाची पूजा करा, कामाच्या जागी तसबीर लावा. दैवताचा मान तिथे जास्त राहतो. पाउचवर छापलेलं देवाचं नाव शेवटी उकिरड्यावर जातं, आणि छापखान्यात उरलेली रद्दी बांधताना मला ते नेहमी टोचायचं.

महाराजांच्या नावाचा विचार मात्र मनातूनच काढून टाका. १९५० चा बोधचिन्हं आणि नावं यांच्या गैरवापराला बंदी घालणारा केंद्राचा कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र दोन्ही आहेत, आणि परवानगीशिवाय धंद्यासाठी ती वापरता येत नाहीत. मी अशी कामं छापायला घेत नव्हतो.

मुलाच्या 'ग्राउंडेड'मध्ये बुद्धी आहे. ग्राउंडनट म्हणजे शेंगदाणा आणि ग्राउंड म्हणजे कुटलेलं, ही कोटी त्याला सुचली याचं कौतुक करा. पण ती समजावून सांगावी लागते, आणि सांगायला तो प्रत्येक दुकानात हजर नसणार. सासूबाईंना ते नाव उच्चारता येत नसेल तर त्यांच्या हाताच्या चटणीला ते द्यायचं तरी कसं? एका बाबतीत मात्र तो बरोबर आहे. नाव छोटं हवं आणि मोबाइलवर टाइप करता यायला हवं. ऑनलाइनचं सगळं खातं त्याच्याकडे सोपवा. जे नाव ठरेल त्याचं इंग्रजी स्पेलिंग त्याच्याकडूनच पक्कं करून घ्या, आणि मग लेबल, पैसे घेण्याचा क्यूआर कोड, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप सगळीकडे तेच ठेवा, एकाही अक्षराचा फरक नको.

नणंदबाईंना सांगताना हीच गोष्ट पुढे करा. जादा 'ए' घातला की ऐकणाऱ्याला तो ऐकू येत नाही. तो साधं स्पेलिंग टाकून शोधणार, आणि तुम्ही सापडणार नाही. मुहूर्त त्यांच्याकडून काढून घ्या. त्यांचा मान राहील आणि नावाचं नुकसान होणार नाही.

पाउचवाल्याचं मुळीच ऐकू नका. त्याचं पाउच खपलं की त्याचं काम झालं, नोटीस येईल ती तुमच्या पत्त्यावर. 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' या दोन औषधांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १९६२ च्या निकालात न्यायालयानं म्हटलं की शब्दांचे तुकडे करून अर्थ तपासत बसायचं नाही. सामान्य गिऱ्हाइकाला नाव अर्धवट आठवत असतं, त्याच्या कानाला ही दोन नावं एकूण सारखी लागतात, त्यामुळे फसगत होऊ शकते. अमृत आणि लक्ष्मण हे किती वेगळे शब्द, तरीही! एक अक्षर बदलणाऱ्याचा तिथे काय निभाव लागणार? माझ्याकडे मच्छी मसाला करणारं एक जोडपं यायचं. त्यांनी असंच जवळपासचं नाव घेतलं. माल उत्तम होता, खपही चांगला होता. दुसऱ्या वर्षी वकिलाची नोटीस आली. छापून ठेवलेली सगळी पाकिटं जाळावी लागली, आणि मोठं दुःख वेगळंच होतं. दोन वर्षांत मसाल्याची जी वाहवा झाली ती गिऱ्हाइकांनी त्या दुसऱ्याच ब्रँडच्या खात्यात जमा केली होती.

आडनावाचा पर्याय तुमच्या घरात कोणी काढला नाही, पण काढतील. मराठी धंद्यात आडनावाला मोठी पत आहे. मात्र ती पत मालानं वर्षानुवर्षं कमावलेली असते, नुसतं आडनाव म्हणून ती मिळत नाही. त्याच आडनावाचा दुसरा माणूस प्रामाणिकपणे स्वतःचं नाव वापरत असेल तर कायदा त्याला अडवत नाही. आणि पुढे भावाभावांत वाटण्या झाल्या की नाव कोणाकडे जाणार यावरून घरं तुटतात. तुमचं चांगलं चाललंय, त्यात हे नको.

आता उखळ. तुम्ही पत्रात हे एका वाक्यात उरकलंत, पण मी ते वाक्य चार वेळा वाचलं. सोलापूरच्या शेंगा चटणीचं सगळं मर्म कुटण्यात आहे हे तुम्हाला मी काय सांगणार. मिक्सरचं पातं दाणा कापतं, भुगा होतो. उखळात मुसळाखाली दाणा चेचला जातो, त्याचं तेल सुटतं, तिखट-लसूण त्या तेलात मुरतं आणि चटणी ओलसर, मुटका वळेल अशी होते. तुमच्या गिऱ्हाइकांनी चव घेतली, कारण शोधलं, आणि त्या कारणाचंच नाव तुम्हाला दिलं. पैसे देऊन कोणाकडून नाव करून घेतलं असतं तरी इतकं नेमकं मिळालं नसतं. ते नाव चार वर्षं लोकांच्या तोंडात आहे, त्यांच्या फोनमध्ये सेव्ह आहे. नवं नाव ठेवलंत तर या सगळ्यांना पुन्हा शिकवावं लागेल.

'उखळवाल्या काकू' असं पूर्ण ठेवा. नुसतं 'काकू' म्हटलं तर काकू-मावशी-आजींच्या नावांनी बाजार भरलाय. नुसतं 'उखळ' म्हटलं तर भांड्याचं दुकान वाटेल. दोन्ही मिळून मात्र डोळ्यांपुढे एक बाई उभी राहते. आणि आपल्याकडे 'उखळ पांढरं होणं' म्हणजे भरभराट होणं. कधी टोमण्यातही म्हणतात ते, पण कष्टानं झालेल्या भरभराटीला टोमणा लागत नाही.

एक शंका मुलगा काढेलच. इंग्रजीत 'ळ'ला अक्षर नाही, 'एल' लिहावा लागेल. हिंदी बोलणारा ते 'उखल' वाचेल. वाचू दे. त्याच्या भाषेत 'ओखली' आहे, अर्थ त्याला चटकन लागेल. कन्नड आणि तेलुगूत तर 'ळ' आहेच, तेव्हा सोलापुरात कोणाची जीभ अडणार नाही.

पण ताई, हे नाव घेण्याआधी सासूबाईंजवळ बसून एका प्रश्नाचं खरं उत्तर द्या. पुण्याची मागणी वाढून रोजची चाळीस किलो झाली तर तुम्ही कशात कुटणार? दोन-चार उखळं आणखी घेऊन बायका वाढवणार असाल तर उत्तम. कांडप यंत्र बसवणार असाल तर तिथेही मुसळच पडतं, दाणा कुटलाच जातो. पण ते लेबलवर तसं सांगा, हातानं कुटलेलं म्हणू नका. मिक्सरवर मात्र जायचं असेल तर हे नाव आजच सोडून द्या. लेबलवर उखळ आणि आत मिक्सरचा भुगा असं झालं तर ज्या गिऱ्हाइकांनी हे नाव दिलं त्यांचीच ती फसवणूक होईल, आणि ते त्यांना पहिल्या घासाला कळेल.

उत्तर 'कुटणारच' असं आलं, तर आता काय करायचं ते सांगतो.

मुलाला संगणकावर बसवा. केंद्र सरकारच्या ट्रेडमार्क नोंदणीच्या संकेतस्थळावर नावं फुकट शोधता येतात. नोंदणीसाठी मालाचे क्रमांकवार वर्ग पाडलेत. चटण्या, मसाले, भाकरी हे सगळं वर्ग ३० मध्ये येतं, लोणची वर्ग २९ मध्ये. दोन्ही वर्ग बघा. 'उखळ' वेगवेगळ्या स्पेलिंगनी टाका, आणि उच्चारावरून शोधायची सोय आहे तीही वापरा. 'ओखली'ही टाकून पाहा, कारण अर्थ सारखा असला तरी हरकत येऊ शकते. मग गूगल, इन्स्टाग्राम आणि खरेदीची ॲप्स. त्याच धंद्यात आधीच कोणी हे नाव चालवत असेल तर मन घट्ट करून दुसरं शोधा. तेव्हाही गिऱ्हाइकांनाच विचारा, "तुमच्या फोनमध्ये माझा नंबर कोणत्या नावानं आहे?" दहा जणांना विचारलंत तर दोन-तीन चांगली नावं हाती लागतील.

नाव मोकळं दिसलं तर अर्ज करून टाका. एका व्यक्तीच्या नावावर, एका वर्गासाठी, ऑनलाइन अर्जाचं सरकारी शुल्क ४,५०० रुपये आहे. वकील लावलात तर त्याचे वेगळे. नोंदणी दहा वर्षं चालते आणि पुन्हा वाढवता येते. अर्ज तुमच्या स्वतःच्या नावानं करा, कष्ट तुमचे आहेत. आधी शब्दांचा अर्ज करा, चित्राचा नंतर बघू. चित्र बदलेल, शब्द राहतील. नोंदणी पूर्ण होईपर्यंत नावापुढे 'टीएम', म्हणजे ट्रेडमार्क, असं लिहिता येतं. गोलातला 'आर', म्हणजे नोंदणी झाल्याची खूण, मात्र प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय छापू नका, त्यासाठी दंड होतो.

अन्नसुरक्षेची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी झाली नसेल तर ती नावाच्याही आधी करा. तिचा १४ अंकी क्रमांक लेबलवर लागतो. पुढे कधी दुकान काढलंत तर पाटीवर मराठी देवनागरीत आणि आधी हवी, इतर लिपीपेक्षा लहान नको, असा राज्याचा नियम आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर तो दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही लागू झाला. तुमचं नावच मराठी असल्यामुळे तुम्हाला वेगळं काही करावं लागणार नाही.

आणि पाउच. रंगीत छापील पाउचसाठी प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर, म्हणजे छपाईचा रूळ, कोरावा लागतो. तो खर्च एकदा झाला की नाव बदलणं म्हणजे सगळे सिलिंडर नव्यानं करणं. म्हणून पहिले सहा महिने साधे कोरे पाउच घ्या आणि वर छापील स्टिकर लावा. स्टिकर पाचशेसुद्धा छापून मिळतात. वजन, किंमत, तारीख, पत्ता, घटक हे सगळं त्यावर बसतं, आणि पुण्याच्या दुकानदारांना तेवढं पुरतं. या सहा महिन्यांत लोक नाव कसं उच्चारतात, कुठे अडतात ते कान देऊन ऐका.

स्टिकरचं प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायचा नमुना, आलं की ते पहिल्यांदा सासूबाईंच्या हातात द्या आणि मोठ्यांदा वाचायला सांगा, पत्त्यासकट. घाईत 'उखळ'चं 'उकळ' झालेलं त्यांच्या कानाला लगेच खटकेल, आपल्या डोळ्यांना ते दिसत नाही.